मांडवीकाठचा एक तास

आमच्याकडे पाहुण्यांचा ओघ बारमाही असतो. गोव्यात संसार मांडलेल्या कोणत्याही मराठी घराची हीच तऱ्हा. इंदूरची नणंद येते, बडोद्याचे मामेभाऊ येतात, बेळगावची मंडळी तर शनिवारी निघून रविवारी परतही जातात. येताना प्रत्येकाच्या मनात ठरलेली यादी असते : समुद्र, मंगेशी, शांतादुर्गा, जुन्या गोव्यातली देवळांएवढी उंच चर्चे आणि परतताना काजू. मीही वर्षानुवर्षे हीच यादी पुरी करून देत आले. परंतु फाल्गुन-चैत्राच्या सुमारास या भूमीचे एक निराळे रूप दिसते, ते पाहुण्यांच्या यादीत कधीच नसते. तीस वर्षे इथे राहूनही मला ते उशिराच दिसले, आणि दिसले तेही शेजारणीमुळे.

आमचे घर रायबंदरला. पणजीहून जुन्या गोव्याकडे निघाले की प्रथम लागतो तो मांडवीच्या कडेने गेलेला सुमारे तीन किलोमीटर लांबीचा जुना बांध. सतराव्या शतकात लिन्यारिश नावाच्या व्हाइसरॉयने तो बांधवला. एका बाजूला संथ नदी, दुसऱ्या बाजूला मिठागरांची जमीन आणि खारफुटी. भरतीच्या वेळी तर आपण पाण्यावरूनच चालतो आहोत असा भास व्हावा. हा बांध संपतो तिथे रायबंदर सुरू होते. जुन्या घरांच्या ओळी, कौलारू छपरे, दारापुढचे बाल्कांव आणि त्यावर दोन्ही अंगांना बसायचे दगडी सोपे. आमच्या दारात तुळशीवृंदावन, शेजारच्या दारात पांढरा क्रूस. सांजवात आणि तिथली मेणबत्ती बहुधा एकाच वेळी लागतात.

शेजारीण माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान. मी तिला ‘बाय’ म्हणते, ती मला ‘वैनी’. नवरा तारवटी, म्हणजे बोटीवर. वर्षातले आठ-नऊ महिने दर्यावरच. पणजीच्या एका बँकेत तिची नोकरी, घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, मुलगी त्या वर्षी दहावीला आणि धाकटा मुलगा गुडघे फोडून घेण्यात पटाईत. पहाटे पाचला तिच्या स्वयंपाकघरातला दिवा लागे आणि रात्री अकराच्या आत तो कधी मालवलेला मला आठवत नाही. मधल्या काळात ती चालत नसे, धावतच असे.

मी सांगते आहे ती हकीकत 2023 सालची. त्या वर्षी राखेचा बुधवार फेब्रुवारीच्या अखेरीस आला. त्या दिवशी कपाळावर राखेची खूण घेऊन ख्रिस्ती मंडळींचा उपासकाळ सुरू होतो; गोव्यात त्याला ‘कोरेज्म’ म्हणतात. रविवार वगळून मोजले की चाळीस दिवस. या दिवसांत लग्ने होत नाहीत, अनेक घरांतून मांसाहार कमी होतो किंवा बंदच असतो, आणि रोजच्या ‘तेर्सा’ला, म्हणजे सायंकाळच्या जपमाळेच्या प्रार्थनेला, एरवी पळ काढणारी मुलेही गुडघे टेकतात. आपल्या चातुर्मासाशी याचे नाते सांगावे असे वाटते. मात्र इथे भर उत्सवांवर नसून मौनावर असतो. चर्चमधली वाद्येही मंदावतात. रविवारी संध्याकाळी ‘मोतेत’ नावाची शोकगीते कानी येतात. व्हायोलिन आणि क्लॅरिनेटचे ते सूर आमच्या माजघरापर्यंत पोचले की हातातले काम आपोआप हळू होते.

एके संध्याकाळी अंगणात कपडे काढताना मी बायला सहज म्हटले, “तुमचे हे दिवस किती शांत असतात गं!”

ती हसली, पण ते हसणे बरे नव्हते. “शांत? वैनी, वर्षाखेरीचे हिशेब आहेत, सासूबाईंचे पथ्य आहे, त्यात उपासाचा निराळा स्वयंपाक. दरवर्षी पाद्री मार्था आणि मारियेची गोष्ट सांगतात. येशू घरी आला तेव्हा मारिया त्याच्या पायाशी ऐकत बसली, मार्था रांधत राहिली. आणि शाबासकी मिळाली ती मारियेला. मी मनात म्हणते, मार्थाही बसली असती तर जेवायला कोणी वाढले असते?”

मला हसू आले. हा प्रश्न एकट्या तिच्या धर्मातला नव्हे. एकादशीला दहा माणसांची साबुदाण्याची खिचडी परतणाऱ्या प्रत्येक बाईने तो कधी ना कधी विठोबाला विचारलेला आहे.

पवित्र आठवड्यातल्या बुधवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा घेतली. सासूबाईंजवळ नणंद आली होती. “मला जुन्या गोव्याला एक नवस फेडायचा आहे, सोबत येता?” म्हणून विचारले. मी चपला घातल्या. रायबंदरहून जुने गोवे बसने जेमतेम वीस मिनिटांवर.

तिथे उतरल्यावर सारे प्रवासी बॉं जेझूच्या बाजूला वळतात. 1605 साली अभिषेक झालेले ते जांभ्या दगडाचे मंदिर, सेंट फ्रान्सिस झेवियरची समाधी आणि समोरचे सुविशाल से कॅथेड्रल यांची छायाचित्रे घरोघरी आहेत. त्यांविषयी नव्याने काय लिहावे? आम्ही मात्र पश्चिमेकडची चढण धरली. या टेकडीला ‘मोंते सांतु’, म्हणजे पवित्र डोंगर, म्हणतात. इथे गर्दी ओसरते. एका बाजूस ऑगस्टीन पंथीयांच्या चर्चचा छेचाळीस मीटर उंचीचा मनोरा अर्धाच उभा आहे. 1835 साली हे स्थान ओस पडले आणि 1842 मध्ये त्याचे छत कोसळले. याच भग्नावशेषांत 2005 साली जॉर्जिया देशाच्या केतेवान राणीचे अस्थिशेष सापडले. धर्म सोडण्यास नकार दिला म्हणून 1624 मध्ये इराणात शिराज येथे तिचा छळ करून वध झाला, आणि ऑगस्टीन साधूंनी तिचे अवशेष इथवर आणले. 2021 साली भारताने त्यांचा एक भाग तिच्या मायदेशाला सन्मानाने अर्पण केला. एका परक्या राणीला आपल्या मातीने चारशे वर्षे सांभाळावे, हे ऐकून मन गलबलते.

मनोऱ्यासमोरच सांता मोनिकाचा मठ आहे. आम्हांला जायचे होते ते तिथेच. पौर्वात्य देशांतला हा पहिला मोठा स्त्री-मठ. 1606 मध्ये काम सुरू झाले, 1627 मध्ये पुरे झाले, 1636 च्या आगीत बराच भाग जळला आणि पुन्हा बांधला गेला. तीन मजली प्रचंड वास्तू. भिंतींना टेकू देणारे जाडजूड दगडी खांब पाहिले की हे घर आहे की किल्ला असा प्रश्न पडतो. इथे राहणाऱ्या जोगिणी एकदा आत आल्या की बाहेरचे जग त्यांना नव्हते. बेबिंका हे गोव्याचे प्रसिद्ध पक्वान्न याच मठातल्या एका जोगिणीने प्रथम केले अशी दंतकथा आहे. खरेखोटे देव जाणे. पण सात-आठ थर एकेक करून भाजत बसायला लागणारा धीर मठातच मिळावा, हे मात्र पटण्यासारखे आहे.

पुढे 1834-35 च्या सुमारास पोर्तुगीज सरकारने धार्मिक पंथ बरखास्त केले. पुरुषांचे मठ रिकामे झाले. या स्त्रियांना राहू दिले, परंतु नव्या जोगिणी घेण्यास बंदी आली. मग पन्नास वर्षे हा मठ थेंबाथेंबाने रिता होत गेला. शेवटची जोगीण 1885 मध्ये वारली. मी त्या ओवरीत उभी राहून तिचा विचार करीत होते. एवढ्या दालनांत, एवढ्या जिन्यांवर, शेवटच्या काही वर्षांत केवळ स्वतःचीच पावले ऐकत ती कशी राहिली असेल? शांतता मागून मिळते ती वेगळी आणि अंगावर येऊन पडते ती वेगळी.

1964 पासून या वास्तूत ‘मातेर देई’ ही धर्मभगिनींना शिक्षण देणारी संस्था आहे आणि एका भागात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय. मठाच्या चर्चमधल्या ज्या क्रूसावर भाविकांची फार श्रद्धा आहे त्याच्यापुढे बायने मेणबत्ती लावली. मी बाकावर बसले. दोन मिनिटेही झाली नसतील, तोच ती उठून आली. “चला, झाले.”

“एवढ्यात? बस की जरा.”

“नको वैनी.” तिने पर्सचा बंद उगाच घट्ट केला.

बाहेर ओवरीत एक वयस्क सिस्टर भेटल्या. बायची आणि त्यांची जुनी ओळख असावी. बोलता बोलता मीच मार्थेची तक्रार त्यांच्या कानी घातली. सिस्टर म्हणाल्या, “गोष्ट तिथे संपत नाही. येशूच्या मरणाआधी सहा दिवस त्याच घरी पुन्हा जेवण झाले. तेव्हाही मार्था वाढतच होती. योहानाने ते मुद्दाम लिहून ठेवले आहे, आणि तो उतारा याच आठवड्यात सोमवारी वाचतात. त्या वेळी मार्थेला कोणी एक शब्द बोलले नाही. काम तेच होते; पण या खेपेला ती कुरकुरत नव्हती. काम सोडून या असे देव सांगत नाही, बाळ. कामामागे लपू नकोस, एवढेच सांगतो.”

शेवटच्या वाक्याबरोबर बायचा चेहरा एकदम उतरला. बसच्या थांब्यापर्यंत ती काही बोलली नाही. नदीकाठाने बस निघाली तेव्हा खिडकीबाहेर पाहत ती हळूच म्हणाली, “मी लपतेच आहे, वैनी.”

मग तिने जे सांगितले ते मी दोन वर्षे शेजारी राहून ओळखले नव्हते. 2021 च्या मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, तिची आई गेली. इस्पितळात कोणालाही आत सोडत नव्हते. हात हातात घेणे नाही, कानाशी प्रार्थना नाही. रात्री फोन आला तेवढाच. त्याच्या आदल्या वर्षी तर ईस्टरला चर्चची दारेही बंद होती. “तेव्हापासून मी बसत नाही. बसले की आई समोर येते आणि विचारते, तू कुठे होतीस? म्हणून मी कामे काढत राहते. लोक म्हणतात, किती राबते बिचारी.”

मला उत्तर सुचले नाही. मी तिचा हात धरून बसले, एवढेच.

दुसरा दिवस पवित्र गुरुवार, 6 एप्रिल. योगायोग असा, की त्याच दिवशी हनुमान जयंतीही होती. यात चमत्कार काही नाही. वसंतसंपाताच्या म्हणजे 21 मार्चच्या दिवशी किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते तिच्यानंतरच्या रविवारी ईस्टर धरतात, त्यामुळे पवित्र आठवड्याला चंद्राची सोबत ठरलेलीच; ती कधी आपली होळीची पौर्णिमा असते, कधी चैत्री. पहाटे मी मारुतीच्या देवळातून सुंठवडा घेऊन आले आणि थोडा शेजारी दिला. बाय म्हणाली, “रात्री दहा ते अकरा आमच्या वाड्याची पाळी आहे. येताना रात्र होईल. सोबत याल?”

संध्याकाळच्या विधीलाही मी गेले होते. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून या दिवशी पाद्री बारा जणांचे पाय धुतात. पूर्वी ते बाराही पुरुष असत. 2016 साली पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला आणि स्त्रियांनाही बसता येऊ लागले. त्या दिवशी बारा जणांत आमच्याकडे मासळी घेऊन येणारी म्हातारी होती. पन्नास वर्षे डोक्यावर पाटी घेऊन फिरलेले तिचे पाय भेगाळलेले होते. पाद्री वाकले, पाणी ओतले, टॉवेलाने पुसले. म्हातारी अवघडून बसली होती. बसून दुसऱ्याकडून सेवा घ्यायची सवयच नव्हती तिला. माझ्या शेजारी बायने पदरासारखा ओढणीचा शेव तोंडाला लावला.

त्या विधीत एकदा घंटा वाजतात आणि नंतर त्या मुक्या होतात, त्या थेट शनिवारच्या रात्रीपर्यंत. मधल्या दिवसांत घंटेऐवजी लाकडी खटखटा वाजवतात. ज्या गावात दिवस घंटेवर चालतो तिथे त्या न वाजण्याने केवढी पोकळी होते हे अनुभवल्याशिवाय कळत नाही.

रात्री दहाला आम्ही पुन्हा गेलो. चंद्र नदीवर आला होता. चर्चमधले मुख्य वेदीवरचे सारे सामान काढलेले, वेदी उघडी. बाजूच्या एका वेदीवर मात्र फुले आणि मेणबत्त्यांची आरास होती. तिथे परमप्रसाद ठेवून वाड्यावाड्याची माणसे तासातासाने जागतात. कारण असे, की पकडला जाण्याआधी गेथसेमनीच्या बागेत येशू व्याकुळ होऊन प्रार्थना करीत होता आणि मित्रांनी एक तासभर तरी आपल्याबरोबर जागे राहावे एवढेच त्याने मागितले होते. ते दमले होते. त्यांना झोप लागली.

बायकांनी आधी एक गीत म्हटले, थोडी जपमाळ झाली, मग सारे गप्प झाले. खरे सांगते, पहिली वीस मिनिटे मी गॅस बंद केला की नाही याचाच विचार करीत होते. नंतर उद्याच्या डाळीचा. मग नातवाच्या फीचा. मनाचा हा बाजार उठता उठेना. आजूबाजूला पाहिले तर माझ्यासारख्याच सगळ्या : कोणी परिचारिका, कोणी शिक्षिका, कोणी दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करणाऱ्या. एक तर बसल्या बसल्या पेंगत होती, आणि तिला कोणी उठवले नाही. हळूहळू माझा बाजार पांगला. मेणबत्तीच्या ज्योतीचा बारीक आवाजही ऐकू येऊ लागला.

बाय माझ्या पुढच्या बाकावर होती. तिचे खांदे हलताना दिसले. मी उठून जावे असे मनात आले, पण गेले नाही. काही रडणी मध्ये पडून थांबवू नयेत. ती उठली नाही, पळाली नाही. अकराचा ठोका पडून पुढच्या वाड्याची माणसे आली तरी बसून होती.

परतताना बांधापाशी थांबून ती म्हणाली, “आई आली होती, वैनी. मी घाबरून बसले होते. पण तिने काही विचारले नाही.” मग थोड्या वेळाने, “त्या रात्री मला तिच्याजवळ तासभर बसता आले नाही. आज बसले.”

शुक्रवारी तिच्या घरी उकड्या तांदळाची पेज आणि आंब्याचे लोणचे एवढेच होते. त्या दिवशी जगात कुठेच मिस्सा होत नाही. दुपारी तीनला विधी झाला, संध्याकाळी क्रूसावरची मूर्ती खाली उतरवून काळ्या वस्त्रांतल्या माउलीच्या मूर्तीसह मिरवणूक निघाली. वाजंत्री नाही, घोषणा नाही. हजारभर माणसे चालत आहेत आणि ऐकू येते ती फक्त चपलांची सळसळ. आमच्या दारावरून ती गेली तेव्हा मी तुळशीपाशी उभी राहून हात जोडले.

शनिवारच्या रात्री चर्चबाहेर नवा अग्नी पेटवतात. त्यावरून मोठी पास्कळ मेणबत्ती, तिच्यावरून प्रत्येकाच्या हातातली लहान ज्योत. अंधारलेले चर्च पाहता पाहता उजळते आणि मग दोन दिवस मुक्या असलेल्या घंटा एकदम बोलू लागतात. मी घरी अंथरुणावर पडून त्या ऐकल्या. इतक्या वर्षांत प्रथमच मला वाटले, की या घंटांचा अर्थ कळायला आधी त्यांचे मौन ऐकलेले असावे लागते.

आपल्या मराठी वाचकांना एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. येशूच्या या दुःखभोगाची आणि पुनरुत्थानाची कथा आपल्या भाषेला परकी नाही. फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूने गोव्यात राहून ती मराठी ओवीत रचली. सुमारे अकरा हजार ओव्यांचे ते ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले आणि पुढे दीर्घकाळ गोव्याच्या चर्चमधून वाचले जात असे. म्हणजे ज्ञानेश्वर-एकनाथांच्याच छंदात इथल्या ख्रिस्ती आयाबायांनी ही कथा ऐकली. त्या ईस्टरनंतर मी आमच्या कपाटातली प्रत काढून बायला दिली. “अक्षरे तुमची आणि गोष्ट आमची,” ती म्हणाली. मी म्हटले, “दोन्ही आपलीच.”

तिचे काम कमी झाले असे मात्र कोणी समजू नये. हिशेब तेच, पथ्यपाणी तेच, मुलाचे गुडघे तेच. फरक एवढाच, की दर गुरुवारी तिन्हीसांजेच्या घंटेला ती बाल्कांवातल्या सोप्यावर येऊन बसते. फोन आत, हात मांडीवर. दहा मिनिटे, फार तर पंधरा. कधी मी माझ्या वातींचे तबक घेऊन समोरच्या सोप्यावर बसते. आम्ही बोलत नाही. आत कुकरची शिट्टी होते. ती उठते, गॅस बंद करते आणि पुन्हा येऊन बसते. मला त्या सिस्टरचे शब्द आठवतात. मार्था वाढतेच आहे. लपत नाही, इतकेच.

तेव्हा मंडळी, पुढच्या खेपेला याल तेव्हा या दिवसांत या. चर्चमध्ये शिरताना अंगभर कपडे असावेत, छायाचित्रे काढायची तर आधी विचारावे आणि विधी चालू असताना मागच्या बाकावर बसावे. मोंते सांतुची चढण दुपार कलल्यावर चढा. मठाच्या ओवरीत थोडे थांबा. आणि परतताना आमच्याकडे उतरलात, की चहाआधी दहा मिनिटे सोप्यावर बसावे लागेल. मांडवीचे पाणी तिथून दिसत नाही, पण भरती आली की त्याचा वास येतो.